पालकमंत्री महोदय, आमच्या घराचे बारा लाख कुठे आहेत?

मा. पालकमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

झेंडावंदनाच्या आपल्या भाषणाला मी समोरच होते. खुर्च्या भरायला बचत गटाच्या बायकांना नेतात, त्यातली एक. आपण म्हणालात, राज्याचं दरडोई उत्पन्न तीन लाखांवर गेलं, गरिबी निम्म्यावर आली, बेरोजगारी तीन टक्क्यांवर आहे, तेव्हा मराठवाड्यानं आता मागासलेपणाचं रडगाणं थांबवावं. टाळ्याही पडल्या. माझं बी.ए. अर्थशास्त्रातलं आहे, वर्ग दुसरा, त्यामुळे ते रडगाणं जरा आकडेवारीनं गाते. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत, कुठलाही घ्या.

2024-25 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्न 3,09,340 रुपये दिलंय. आम्ही घरात चौघं: सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगा. म्हणजे वर्षाला बारा लाखांवर रक्कम आमच्या उंबऱ्यातून आत यायला हवी. आहे काय, तर चार एकर जमीन आणि डिसेंबरात तळ दाखवणारी विहीर. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, आमचं गेलं त्याहून हजारभर खाली. व्यापाऱ्याच्या मशीनला ओलावा जास्त दिसतो आणि कृषी केंद्रवाल्याला उधारीसाठी धीर नसतो. सप्टेंबर 2025 च्या पावसानं ओढ्याकडचा एकर खरवडून नेला तो वेगळाच. बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा केली तर बारा लाख राहू द्या, त्याच्या बाराव्या हिश्शाचाही मेळ लागत नाही.

आणि गंमत बघा. माणशी तीन लाख सांगणारं सरकारच लाडकी बहीण योजनेत अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे असं मान्य करून कोट्यवधी बायकांना महिन्याला दीड हजार देतं. (प्रचारात एकवीसशे म्हणाला होतात, ते असो.) रेशनला प्राधान्य कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला 44 हजार, शहरात 59 हजार, आणि अन्नसुरक्षेच्या धान्याचे लाभार्थी सात कोटी. बारा-तेरा कोटींच्या राज्यात सात कोटी! मग तीन लाखवाले राहतात कुठे? मुंबई, ठाणे, पुणे. बँका, कंपन्यांची मुख्यालयं, शेअर बाजार, सगळ्याची बेरीज करायची आणि डोक्यांनी भागायची, की मलबार हिलचा शेठ आणि नंदुरबारचा मजूर एकाच रकमेचे धनी.

जिल्ह्याचा वेगळा आकडा काढला तरी सुटका नाही. हद्दीत काय निघालं ते मोजतात, तिथल्या माणसाच्या हाती काय उरलं ते नाही. चंद्रपूरला 2,920 मेगावॉटचं वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी. वीज तिथं होते म्हणून उत्पन्न चंद्रपूरचं, राखही चंद्रपूरची, नफ्याचा पत्ता मात्र दुसरा. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज बाहेर पडतंय, तिथलंही दरडोई आता फुगेल आणि एखादे मंत्री तिथंही रडगाण्यावर बोलतील. बीडची ऊसतोड टोळी अर्धं वर्ष पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असते. तिच्या कोयत्यानं झालेलं उत्पादन त्या जिल्ह्यांच्या खात्यात, आणि पाठदुखी घेऊन बाई परत बीडला.

आता बेरोजगारी. हे लिहिताना माझा तोल सुटतो, सांभाळून घ्या. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. आपण ज्या औद्योगिक वसाहतीचा नारळ फोडलात, तिथं स्थानिक पोरांना आधी घेणार होतात. तिथं बोर्ड आहे, कंपाउंड आहे, आत बाभळी आहेत. पोरगं पुण्याला कंत्राटी लागलं, कंत्राट संपलं, परत आलं. मध्यंतरी टॅब घेऊन सरकारी रोजगार पाहणीवाला दारात आला. गेल्या सात दिवसांत काही काम केलं का? मुलगा म्हणाला, रात्री लाईट आली तेव्हा मोटार चालू करून हरभऱ्याला पाणी दिलं. झालं! घरच्या शेतात बिनपगारी मदतनीस, म्हणजे रोजगारात. आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलं तरी त्या आठवड्याच्या हिशोबात माणूस बेरोजगार नसतो, हे त्या पाहणीवाल्यानंच मला समजावलं. तोही बिचारा कंत्राटीच होता.

याच पाहणीच्या वर्षभराच्या मोजमापानं 2022-23 साली मध्य प्रदेशात बेरोजगारी 1.6 टक्के, केरळात 7 आणि गोव्यात 9.7. म्हणजे गोव्याच्या पोरांनी नोकरी शोधायला मध्य प्रदेशात जायला पाहिजे! साहेब, मनाजोगत्या नोकरीची वाट बघत बसायलाही घरात कुणाची तरी कमाई लागते. गरिबाला बेरोजगार राहणं परवडत नाही, तो पडेल ते काम करतो आणि आपले टक्के सुधारतात. घरच्या कामातले बिनपगारी मदतनीस पाहणीत वेगळे नोंदवतात, हेही मला माहीत आहे. भाषणात तेवढे ते वेगळे निघत नाहीत.

गरिबी निम्म्यावर आली, तीही नीती आयोगाच्या बहुआयामी (आरोग्य, शिक्षण, राहणीमान बघणाऱ्या) मापानं, सुमारे 14.8 टक्क्यांवरून 7.81 वर. संडास आला, वीज आली, हे मी नाकारत नाही. पण त्या मापाच्या बारा कसोट्यांत कमाई नाही, कर्ज नाही, सावकाराचं व्याज नाही. बँकेत खातं हवं, खात्यात काही असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे खातं आहे, मोबाइल आहे, जुनी मोटारसायकल आहे, शिकलेला (आणि रोजगारात असलेला!) मुलगा आहे, म्हणून आम्ही गरीब नाही. पैशात मोजणारी रेषा तेंडुलकर समितीची, 2011-12 ला गावात माणशी दिवसाला 27 रुपये, शहरात 33. 2014 ला रंगराजन समितीनं ती 32 आणि 47 केली, तर तो कागद बाजूला पडला. 2017-18 ची खर्चाची पाहणी दर्जाचं कारण देऊन छापलीच नाही. गरिबी कमी करायची ही पद्धत स्वस्तातली आहे.

आम्हाला मोजण्याची हौस मात्र जुनी. 1953 चा नागपूर करार, विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देऊ म्हणणारा. 1984 ला दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे मागास भागांच्या विकासाची राहिलेली तूट, काढला सुमारे 3,187 कोटी. पुढच्या समितीनं मोजला तर तो 14 हजार कोटींवर गेलेला. म्हणजे भरण्यापेक्षा वाढला जास्त. समतोल विकासासाठी नेमलेल्या केळकर समितीनं 2013 ला अहवाल दिला, तो विधिमंडळात यायला 2014 चा डिसेंबर उजाडला. विभागांना निधीचा वाटा मिळतो का बघणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. 2022 ला मंत्रिमंडळानं ती पुन्हा आणायचं ठरवलं, त्यानंतर तो कागद मुंबई-दिल्लीत कुठे कुठे फिरला ते आपणच सांगा. 2023 ला संभाजीनगरात अख्खं मंत्रिमंडळ बसलं, 45 हजार कोटी जाहीर झाले. त्यातला आमच्या तालुक्याचा रुपया मला दाखवा. पक्ष कुठलाही असो, आमच्याकडे येताना घोषणा आणतात आणि जाताना पाणी कुणाच्या तरी वरच्या धरणात अडवतात. यांना अहवाल हवा असतो तो अभ्यास चालू आहे म्हणायला.

तेव्हा सरासरी पुरे. तालुक्यातलं अगदी मधलं घर वर्षाला किती कमावतं, त्याच्यावर कर्ज किती, त्यातल्या शिकलेल्या पोराला वर्षात पगारी काम किती दिवस मिळालं, हे एका कागदावर शेजारीशेजारी छापा आणि पुण्याच्या हवेली तालुक्याचा तसाच कागद त्याच्याजवळ ठेवा. मग मागास कोण ते ठरवू.

‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविले आहे’ हे छापील उत्तर कृपया पाठवू नका. औद्योगिक वसाहतीतला पहिला कारखाना कुठल्या महिन्यात सुरू होणार, एवढं एका ओळीत कळवा. खाली सही पाहिजे, आपली स्वतःची.

आपली,
सरासरीत धरलेली एक शेतकरी बाई