आमचा निवाडा न करणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

औसा रोडवरच्या या घरात आम्ही अकरा जणी. कुणी नर्सिंगला, कुणी बँकेत, दोघी नीटच्या रिपीटर. भाडं, गॅस, टँकर, सगळं सामायिक. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात ‘टाकी कुणी रिकामी केली?’ यावरून मनं तुटतात. आमच्या बैठकीत तिघी बोलायच्या, बाकीच्या मोबाइल बघायच्या आणि खरं भांडण रात्री व्हॉट्सॲपवर व्हायचं.

तुम्ही बचत गटात मुरलेल्या, म्हणून निवाडा मागायला आलो. तुम्ही म्हणालात, “गोल बसा. धाकटीपासून सुरू करा. मधी कुणी तोंड घालायचं नाही.” त्या पहिल्याच फेरीत कधी न बोलणारी रिपीटर बोलली. पहाटे उठून मोटर तीच लावायची, म्हणून पाणी संपलं की नावही तिचंच निघायचं! हे आम्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

मतदान तुम्ही बंदच केलंत. सहा विरुद्ध पाच झालं की पाच जणी महिनाभर फुगून बसणार. त्याऐवजी तुमचा प्रश्न: “यानं कुणाचं काही अडायलंय का?” जिचं अडतं तिनं कसं ते सांगायचं, मग ठराव दुरुस्त करायचा, तोही महिन्यापुरताच. नंतर पुन्हा बघायचं.

पुढे मी वाचलं, की हॉलंडमध्ये कीस बूके यांनी 1926 साली काढलेल्या शाळेत मुलंसुद्धा असंच ठरवायची. त्यांचाच विद्यार्थी गेरार्ड एंडेनबर्ग यांनी 1970 च्या दशकात ही रीत स्वतःच्या विजेच्या कंपनीत आणली. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभाही सर्वसहमतीनंच चालते. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, “असंल बाई. कर्ज कुणाला द्यायचं, ते आम्ही असंच ठरवतो.”

बोटांचा कौल, म्हणजे ठराव किती पटला ते बोटं दाखवून सांगायचं, हे मात्र मला अजून फारसं पटलेलं नाही. रविवारी काय रांधायचं, एवढ्यापुरता ठीक. पैशाचा विषय निघाला की जो तो शेजारणीची बोटं बघतो. पण ‘जिचा विषय, तिनं बैठक चालवायची नाही’ हा तुमचा नियम लाख मोलाचा. त्यानं निम्मी कुरकुर गेली.

येत्या रविवारी कूलरच्या वीजबिलाचा विषय आहे. कूलर दोघींचे, बिल अकरा जणींचं. बैठक चालवायची पाळी त्या रिपीटरची आहे. जमलं तर या.

तुमच्या,
वरच्या मजल्यावरच्या पोरी