मीटरचा लाल दिवा

कराड, 17 डिसेंबर

प्रिय सुध्या,

रविवारी तुझ्या शाळेतून नारळ आणि शाल घेऊन निघालो खरा, पण कराड येईपर्यंत डोक्यात एकच भुंगा होता. आठवीतल्या त्या दोन वेण्यांच्या पोरीनं विचारलं, "सर, वाचवलेली वीज ठेवतात कुठं?" आणि मी, तीस वर्षं जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून त्या भरणारा माणूस, "छान प्रश्न आहे" म्हणून पाणी प्यायलो. तू लगेच आभारप्रदर्शन उरकलंस. दोघंही सुटलो. फोनवर तू "बघू, बघू" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. निदान टेबलावर पडून तरी राहील.

उत्तर तसं अवघड नव्हतं रे. वीज ठेवत नाहीत. मोठ्या बॅटऱ्या आता कुठे बसायला लागल्यात, त्या सोडून दे. आपण बटण दाबतो त्याच क्षणी ती कुठेतरी तयार होत असते. तुमच्या व्हरांड्यातून जे डोंगर दिसतात, त्यांच्यामागे शिवाजीसागर, कोयना धरणाचा जलाशय. तिथलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि पोफळीच्या वीजघरात साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडतं. संध्याकाळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू झाले की कोयनेची यंत्रं काही मिनिटांत जोर धरतात. कोळशाच्या संचाला ती चपळाई नाही. मी बिलाच्या पाठकोऱ्यावर हिशोब मांडला. यंत्रांतलं नुकसान धरून एका युनिटला, म्हणजे हजार वॅटचं यंत्र तासभर चालवायला, नऊशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे शाळेच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती जवळजवळ रिकामी. तेव्हा त्या पोरीला सांग, तू वाचवलेली वीज शिवाजीसागरात आहे, पाणी होऊन. आणि चंद्रपूरकडची असेल तर कोळशाच्या ढिगात, युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम.

आता जरा बोलतो, रागावू नकोस. ऊर्जा संवर्धन दिन म्हणून भिंतभर चित्रं लावली होती तुम्ही. रडणारी पृथ्वी, हसणारा बल्ब, "वीज वाचवा, देश वाचवा". पोरांनी मेहनत घेतली होती, पण एकालाही विचार, युनिट म्हणजे काय. आणि ज्यांच्या घरी दोन बल्ब नि एक पंखा, महिन्याला तीस युनिटसुद्धा जळत नाहीत, त्यांना आपण काटकसर शिकवतो? त्यांच्या आया डोक्यावरून मोळ्या आणतात. साध्या चुलीत त्या लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, बाकी धूर आणि भिंतीला. त्याचं चित्र मला एकही दिसलं नाही.

आपल्याला आठवीत ऊर्जेची व्याख्या पाठ होती. कार्य करण्याची क्षमता. मी ती धडाधड म्हणून दाखवायचो आणि मला काहीही कळलेलं नव्हतं. कळलं ते आयटीआयला, पहिली मोटर माझ्या हातानं जळाली तेव्हा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, मोजायला लाव. घोषणा नकोत. प्रत्येकाच्या घरात मीटर आहे आणि त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हे मीटरवरच छापलेलं असतं. समज 3200 असेल. पोरानं फक्त घड्याळ घेऊन लांब उभं राहायचं. मीटरला हात लावायचा नाही, हे चारदा बजाव. घरातलं सगळं बंद करून एकच पंखा लावायचा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. 1125 ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. जुना पंखा असेल तर 15 सेकंद, म्हणजे 75 वॅट. नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर 35 सेकंदांच्या पुढंमागं. 9 वॅटचा एलईडी बल्ब दोन मिनिटं वाट बघायला लावतो. आणि पाण्यात हीटरचा रॉड टाकला की तो दिवा असा थयथयाट करतो की मोजणारा दमतो. दुसऱ्या आकड्याचं मीटर असेल तर 1125 च्या जागी काय येईल, ते पोरांनाच काढू दे. गणिताचे सर खूश होतील.

मग घाल हे कोडं. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर आणायला अर्ध्या युनिटला जरा कमी वीज लागते. तेवढ्याच ऊर्जेत दहा मीटर खोल विहिरीतून अशा किती बादल्या वर येतील? आधी अंदाज करायला सांग. माझ्या पोरानं पाच म्हटलं, बायकोनं वीस. हिशोबानं येतात साडेआठशे! पंपानं निम्म्या खाल्ल्या तरी चारशेच्या वर. आमच्या घरी त्या दिवसापासून रॉडकडे सगळे जरा संशयानं बघतात.

धंद्यातलंही एक सांगतो, गिऱ्हाइकांना कळवू नकोस. मोटर एकदा जळून भरली की ती पहिल्यासारखी राहतेच असं नाही, तेवढंच पाणी द्यायला थोडी जास्त वीज ओढायला लागते. आणि निम्म्या पंपांचं दुखणं मोटरीत नसतंच. विहिरीत पाइपच्या तोंडाशी असतो तो फूटव्हॉल्व्ह चिखलानं चोंदलेला, पाइप गरजेपेक्षा बारीक, वळणावर काटकोनी एल्बो ठोकलेला. शेतकरी रात्रीच्या लाईटीला उठून जातो आणि त्याची निम्मी रात्र त्या एल्बोत जाते. तुझ्या वर्गातली किती पोरं अशा घरांतली आहेत! बापाला वळण बदलायला सांगणारं पोर मला दहा घोषणांपेक्षा परवडेल, धंदा थोडा बसला तरी.

तू म्हणशील, पोर्शन कोण संपवणार, आणि ते ऑनलाइन माहिती भरायचं कोण करणार. कबूल. मास्तरकी मी करत नाही, त्यामुळे मला बोलायला काय जातंय. पण विजेचा धडा तुला शिकवायचाच आहे ना? त्यातला एक तास दे. घरून बिल आणायला लाव. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी. शंभर युनिटच्या पुढं दर कसा उडी मारतो ते फळ्यावर काढ. कुणाचं रीडिंग चुकलेलं निघालं तर तो दिवस पोरं विसरणार नाहीत.

दुकानात एक जुनं चकतीचं मीटर पडलंय, ॲल्युमिनियमची चकती फिरते ते. बोर्डवर नीट बसवून, झाकून आणतो. बल्ब लावला की चकती रांगते, इस्त्री लावली की पळते. येत्या शनिवारी तुमची सकाळची शाळा आहे, मी दुकान दुपारी उघडेन. प्रमुख पाहुणा वगैरे म्हणू नकोस आणि नारळ तर मुळीच नको, आधीचाच फोडलेला नाही. फक्त त्या दोन वेण्यांच्या पोरीला पुढच्या बाकावर बसव. तिचं उत्तर माझ्याकडे राहिलंय.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या