रानातून आलेल्या तापाला आधी विचारा, ‘कुठे गेला होतास?’

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सरून गवत वाळू लागले की बेळगावची तरुण मंडळी शनिवार-रविवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला निघतात. कुणी वज्रपोहा धबधबा बघायला, कुणी चंदगडात पारगड नाहीतर कलानंदीगड चढायला. यंदा त्यांच्यातल्या काहींनी मला गाठून लाइम रोगाबद्दल विचारले. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी धाडलेले व्हिडिओ, गोचीड चावल्यावर अंगावर उठणारा गोल चट्टा, तिकडच्या शिकाऱ्यांना दिलेल्या सूचना, असे बरेच काही त्यांच्या मोबाइलवर होते. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. नोकरीभर गोचिडांशीच गाठ होती. म्हणून त्या मुलांना जे सांगितले तेच आपल्या वाचकांनाही सांगावेसे वाटते. गोचिडाची भीती वाटते हे योग्यच आहे, पण आपल्या रानात धास्ती हवी ती लाइमपेक्षा गोचिडातूनच येणाऱ्या माकडतापाची. आणि तो वेळेवर ओळखला जायचा तर रुग्णाने आपण कुठे जाऊन आलो हे सांगितले पाहिजे, डॉक्टरनेही ते विचारले पाहिजे.

लाइमची हकिकत मुद्दाम सांगतो, कारण तिच्यातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातले गाव. तिथल्या आणि आसपासच्या मुलांचे सांधे सुजू लागले. एवढ्या लहान वस्तीत इतक्या मुलांना एकाच वेळी संधिवात होईल कसा, हा प्रश्न पॉली मरे या आईने धरून ठेवला आणि १९७५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याचे दार ठोठावले. पुढे तपास झाला, गोचिडावर संशय गेला, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने गोचिडात सापडलेला जिवाणू जगापुढे मांडला. हा जिवाणू असल्यामुळे डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाला तो दाद देतो. शिवाय अमेरिकेतले ते गोचीड साधारणपणे एक दिवसाहून जास्त काळ चिकटून राहिले तरच रोग अंगात उतरतो. म्हणून तिकडचा शिकारी संध्याकाळी घरी आल्यावर अंग तपासतो, गोचीड काढून टाकतो, आणि बहुतेक वेळा निभावते.

आपल्याकडचा माकडताप विषाणूचा आहे. त्याच्यावर नेमके औषध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. गोचीड लवकर काढावा हे खरेच, पण ‘एक दिवसाच्या आत काढला, आता काळजी नाही’ हा अमेरिकेतला दिलासा इथे धरून बसू नये.

१९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांतली माणसे तापाने पडू लागली. माकडे मरतात म्हटल्यावर शास्त्रज्ञांना आधी माकडांनाही होणाऱ्या पीतज्वराचीच (यलो फीव्हर) शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, शोध घेतला तेव्हा हा विषाणूच नवा निघाला. कानडीत याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. पुष्कळ वर्षे हा शिवमोग्गा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांचा रोग समजला जायचा. मग २०१२ नंतर तो बंडीपूर, वायनाड, निलगिरीच्या बाजूला दिसला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात. नकाशा काढून बघा. खानापूर आणि चंदगड तालुके या भागांना खेटून आहेत. कणकुंबीचा माणूस चोर्ला घाट उतरला की सत्तरीत पोचतो आणि चंदगडचा माणूस तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग लागते. आपल्या भागातले किती तरी मजूर फेब्रुवारीपासून गोव्यात काजू गोळा करायला जातात. काजूच्या बागेत पाचोळ्यात वाकून काम, आणि तेही नेमक्या या रोगाच्या दिवसांत.

‘आम्ही जन्मभर गोचिडात वावरलो, आम्हाला काय झाले?’ हे मी गोठ्यागोठ्यात ऐकले आहे. म्हणणारा खोटे बोलत नाही. पण गाईच्या कासेला, कानामागे फुगून लटकलेले निळसर गोचीड वेगळे. ते पिल्लू असताना एका जनावराला चिकटतात आणि रक्त पिऊन टम्म होईपर्यंत त्याच जनावरावर राहतात. माणसाला ते क्वचित चावतात. माकडताप पसरवणारे गोचीड रानातले. त्याला आयुष्यात रक्त प्यायला तीन वेगवेगळे प्राणी, म्हणजे यजमान, लागतात. अंड्यातून निघालेली पिल्ले उंदीर, घूस, पाखरे, माकडे यांचे रक्त पितात, खाली पडतात, कात टाकून मोठी होतात आणि पुन्हा पाचोळ्यावर, गवताच्या टोकावर वाट बघत बसतात. ही दुसऱ्या टप्प्यातली पिल्ले डिसेंबर ते मे या काळात भरात असतात आणि माणसाला मुख्यतः तीच चावतात. आकाराने खसखशीच्या दाण्याएवढी. पायावर चढली तर मातीचा कण वाटावा. चावते तेव्हा दुखतही नाही. म्हणून ‘मला गोचीड चावला नाही’ असे रुग्णाने सांगितले, तरी त्यावर विसंबू नये.

पूर्ण वाढलेले गोचीड पावसाळ्यात मोठ्या जनावरावर चढतात, आणि रानात चरायला जाणारी आपली गुरे त्यांना आयती मिळतात. गुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, पण गोचिडांची संख्या गुरांच्या रक्तावर वाढते. लाइमच्या बाबतीत तिकडच्या हरणांचे असेच आहे. हरीण स्वतः जिवाणू पसरवत नाही, पण गोचीड पोसते. तेव्हा रानात चरणाऱ्या गुरांवर गोचीडनाशक वेळच्या वेळी मारले तर दूध वाढते आणि माणसाचेही रक्षण होते. गोठ्यात अंथरायला जंगलातला पाला आणण्याची आपली रीतही या तापाच्या गावांत धोक्याची ठरलेली आहे. पाल्याबरोबर गोचीड घरात येतात. ज्या वर्षी आसपास माकडे मेल्याचे कळेल त्या वर्षी तरी हा पाला आणू नये. पर्याय म्हणून भाताचा पेंढा चालतो. तो गुरांच्या वैरणीतून काढावा लागतो हे मला माहीत आहे, आणि गरिबाला ते जड जाते हेही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ती. आमच्या बाजूच्या एका वाडीतल्या तरुणाला फेब्रुवारीत थंडी वाजून ताप भरला. कपाळ फुटेल असे डोके दुखत होते, डोळे लाल, कंबर आणि पोटऱ्या धरलेल्या. गावात एक इंजेक्शन झाले, तालुक्याला सलाईन झाले, मग शहरातल्या एका रुग्णालयात भरती केले. प्लेटलेट्स उतरल्या होत्या म्हणून डेंग्यू धरला. डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली म्हणून टायफॉइड धरला. त्याच्या आईला, बायकोला, त्याला स्वतःला, एवढ्या जणांत कुणीही विचारले नाही की गेल्या आठ-दहा दिवसांत हा कुठे गेला होता. आणि त्यानेही सांगितले नाही, कारण तो कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे गेला होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. सांगितले तर वनखात्याचा माणूस दारात येईल, ही भीती. तो बरा झाला, देवाची कृपा. पण तो ताप कसला होता हे कधीच कळले नाही. रक्त वेळेवर योग्य ठिकाणी गेले असते तर कळले असते, आणि तो माकडताप निघता तर अख्ख्या वाडीला सावध करता आले असते.

शिकारीची मी तरफदारी करत नाही. रानातले जीव कमी होत चाललेत, आणि कायदा आहे तो पाळलाच पाहिजे. पण आजारी माणूस डॉक्टरपुढे खरे बोलायला घाबरता कामा नये. ‘जंगलात गेला होतास का’ हे डॉक्टर गुन्हा शोधायला विचारत नाहीत, असा विश्वास गावात तयार व्हायला हवा. जळणाला गेलेली बाई, रातांबे गोळा करणारा म्हातारा, किल्ल्यावर गेलेला कॉलेजचा मुलगा, बागेतला मजूर आणि डुकरामागे धावलेला पोरगा, गोचिडाला हे सगळे सारखेच.

हा ताप गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक चढतो. काहींना पुढे उलट्या, जुलाब, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण दहातल्या एकदोघांना, बरे वाटत असताना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येतो आणि मेंदूवर परिणाम दिसतो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. औषध नाही म्हणून काही करता येत नाही असे मुळीच नाही. अंगातले पाणी राखणे, रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवणे यानेच जीव वाचतो, आणि त्यासाठी रोग आधी ध्यानात यायला लागतो. अंगदुखी असह्य झाली तरी डॉक्टरला न विचारता ऍस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो. तापाच्या पहिल्या दिवसांतले रक्त पुण्याच्या संस्थेत किंवा शिवमोग्ग्याच्या प्रयोगशाळेत तपासता येते. ऐन उन्हाळ्यात, डासांचा हंगाम नसताना, रानाकडेच्या गावातून डेंग्यूसारखा ताप आला तर तेवढीच शंका पुरे. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

लशीचे विचाराल तर १९९० पासून कर्नाटकात एक लस दिली जायची, पण ती पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली. नव्या लशीचे काम आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने हाती घेतले आहे. तोवर जे आहे ते अंगाला लावायचे तेल. संरक्षण खात्याच्या संशोधकांनी तयार केलेले डेपा तेल मंगन कायिलेच्या जिल्ह्यांत सरकार फुकट वाटते. ते रानात जाण्याआधी हातापायाला लावावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, विजारीची टोके मोज्यांत खोचलेली. पाचोळ्यावर बसू नये, झोपू तर नयेच. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी, काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, केसांची मुळे कुणाकडून तरी तपासून घ्यावीत. बरोबर कुत्रे नेले असेल तर त्याचेही कान आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. गोचीड सापडला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. विडी टेकवणे, रॉकेल ओतणे, नखांत धरून चिरडणे हे जे आपल्याकडे चालते ते थांबवा. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत आणि तारीख कुठेतरी लिहून ठेवावी. पुढच्या आठवडाभरात ताप आलाच तर ती डॉक्टरच्या कामाची.

रानात किंवा वस्तीजवळ मेलेले माकड दिसले तर शिवू नका, पुरायलाही जाऊ नका. मारुतीचे रूप म्हणून त्याला हार घालून मिरवत नेण्याची आपल्याकडे श्रद्धा आहे, तिचा मी मान राखतो. पण माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून त्याच जागेभोवती थांबतात. म्हणून अशा जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारण्याची पद्धत आहे. वनखात्याला, आरोग्य केंद्राला किंवा जनावरांच्या दवाखान्याला लगेच कळवा. अंत्यविधी त्यांचे लोक व्यवस्थित करतील.

संपादक महोदय, आपल्या मार्फत दोन मागण्या. हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे नोव्हेंबर संपण्यापूर्वी, खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत माकडतापाची पत्रके कानडीबरोबर मराठीतही वाटली जावीत. जांबोटीपासून पलीकडे घरात मराठी बोलतात आणि बायाबापड्यांना तीच वाचता येते. यात भाषेचा वाद कुणी आणू नये. दुसरे म्हणजे, बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग जिल्हे आणि गोवा यांच्या आरोग्य यंत्रणांनी डिसेंबर ते मे दर आठवड्याला एकमेकांना मेलेल्या माकडांची आणि संशयित रुग्णांची माहिती द्यावी. चंदगडचे रुग्ण बेळगावला येतात, आपले मजूर सत्तरीत राबतात. तिकडे माकड मेल्याचे इकडच्या डॉक्टरला महिनाभराने वर्तमानपत्रातून कळून काय उपयोग?

तालुक्यातल्या ज्या शाळेला, महिला मंडळाला किंवा ट्रेकिंगच्या गटाला गोचीड ओळखायला आणि काढायला शिकायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे नाव द्यावे. चिमटा, भिंग आणि बाटलीत ठेवलेले नमुने घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यकीय कर्मचारी,
ता. खानापूर, जि. बेळगाव