तालिकेत विषय शोधला की सापडलाच पाहिजे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) वाचक ‘गोवा’ टाइप करतो आणि शीर्षकात ‘गोव्याचा’, ‘गोव्यातील’ असलेली पुस्तके निसटून जातात. संगणक अक्षरे जुळवतो. मराठी शब्द विभक्ती लागताच रूप बदलतो. त्यावर उपाय म्हणून ‘गोव*’ असे शोधावे, तर गोवर, गोवर्धन आणि गोवंशही सोबत येतात. म्हणून शीर्षकातल्या शब्दांवर न विसंबता विषयशीर्षकावरून, म्हणजे पुस्तक कशाविषयी आहे हे सांगणाऱ्या ठरलेल्या शब्दावरून, शोध घेता आला पाहिजे.

मार्क नोंदीत, म्हणजे पुस्तकाच्या संगणकीय नोंदीच्या ठरलेल्या साच्यात, त्यासाठी क्रमांकांच्या जागा ठरलेल्या आहेत: विषय 650 मध्ये, स्थळ 651 मध्ये, व्यक्तीच विषय असेल तर 600 मध्ये. अडते ते तिथे काय भरायचे यावर. कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी संस्था. तिच्यावरच्या पुस्तकाला एकाने ‘कोमुनिदाद’ लिहिले, दुसऱ्याने ‘गावकारी’, तिसऱ्याने ‘ग्रामसंस्था’, की एकाच विषयाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. शिवाय आपल्याकडे गोव्यात हा विषय पोर्तुगीज, इंग्रजी, कोकणी आणि मराठी अशा चार भाषांतल्या पुस्तकांत आहे.

यासाठी पुस्तकांच्या नोंदींखेरीज प्रत्येक विषयाच्या नावाची एक अधिकृत नोंद करावी. तिच्यात 150 मध्ये एकच मान्य शीर्षक: कोमुनिदाद. 450 मध्ये वाचक टाइप करील ती सगळी रूपे: गावकारी, ग्रामसंस्था, जुन्या वळणाचे ‘गांवकारी’, रोमी लिपीतले रूप. नुसते ‘गावकरी’ मात्र घालू नये. त्याचा नेहमीचा अर्थ गावचा रहिवासी, म्हणून ‘गावकरी (ग्रामसंस्था)’ असे लिहावे. 550 मध्ये ‘हेही पाहा’ म्हणून खाजन शेती (बांध घालून भरतीचे पाणी अडवून केलेली शेती).

कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची इथेच फसगत होते. 450 मधले शब्द पुस्तकांच्या शोधात आपसूक येत नाहीत. ‘इन्क्लूड सी-फ्रॉम इन सर्चेस’ ही सेटिंग चालू करावी लागते आणि मग संपूर्ण तालिकेचे इंडेक्सिंग (शोधसूची बनवणे) पुन्हा करावे लागते. ते राहिले, तर जुन्या नोंदी होत्या तशाच राहतात. शीर्षक हाताने टाइप केले आणि अधिकृत नोंदीशी जोडलेच नाही, तरीही पर्यायी शब्द त्या पुस्तकापर्यंत पोचत नाही.

शुद्धलेखनाचेही भान हवे. 1962 च्या नियमांनंतर सुटा शब्द ‘मुक्ती’ असा दीर्घ झाला, समासात मात्र ‘मुक्तिसंग्राम’ ऱ्हस्वच राहिला. त्याआधीच्या पुस्तकाचे नाव 245 मध्ये, म्हणजे शीर्षकाच्या जागी, छापले आहे तसेच ठेवावे, विषयशीर्षक आजच्या लेखनात द्यावे आणि ‘मुक्ती संग्राम’, ‘मुक्तीलढा’ ही रूपे 450 मध्ये टाकावीत.

पडद्यावर विषय शोधल्यावर अकारविल्हे यादी दिसावी, प्रत्येक शीर्षकापुढे पुस्तकांची संख्या असावी. ‘गोवा – इतिहास – 1510-1961’ यातल्या नुसत्या ‘गोवा’वर क्लिक केले तर सगळे यावे, पूर्ण शीर्षकावर केले तर तेवढेच. काहीच जुळले नाही, तरी ‘ओपिनियन पोल’ शोधणाऱ्याला ‘जनमत कौल पाहा’ असे तरी दिसावे. कोरा पडदा पाहून वाचक पुस्तकच नाही असे समजून परत जातो, आणि पुस्तक कपाटात असते.

मनुष्यबळ कमी आहे हे खरे. पण सुरुवात गोव्याच्या स्वतःच्या शंभरेक विषयांपासून करता येईल: खाजन, मांड, धालो, देवराई, नव्या काबिजादी (पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेले तालुके). एका ग्रंथालयाने या अधिकृत नोंदी कराव्यात आणि मार्क फाइल म्हणून तालुका व गावातल्या ग्रंथालयांना द्याव्यात. त्यांना ती थेट आयात करता येते. शासनाने एवढे काम येत्या वर्षाच्या आराखड्यात घ्यावे, ही विनंती.

– एक ग्रंथालय कर्मचारी, फोंडा