सुट्टीत मुलांच्या हाती पोस्टकार्ड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली तशा आमच्या इमारतीत घरोघरी शुद्धलेखनाच्या वह्या निघाल्या. रोज एक पान. माझी नात यंदा तिसरीतून चौथीत गेली, तिचीही वही पाहिली. पहिल्या तीन पानांवर टपोरं अक्षर, चौथ्यापासून मुंग्यांची रांग. हे कोणी वाचणार नाही, फक्त तपासणार, हे पोरांना बरोबर कळतं.

मी टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. त्यामुळे औषधही खात्यातलंच सुचलं. पोस्टकार्ड अजून ५० पैशांनाच आहे. आठ आण्याचं नाणं आता कोणाच्या खिशात नसतं, म्हणून रुपयाची दोन घ्यायची, एवढंच. आहे म्हटलं खरं, पण मिळायला तीन पोस्टांच्या पायऱ्या चढलो. पहिल्या खिडकीवर ‘आता कोण लिहितंय, काका?’ दुसरीकडे ‘सोमवारनंतर बघा.’ तिसरीकडे वीस मिळाली. माझंच खातं, म्हणून जरा जास्तच लागलं.

पहिलं कार्ड मालवणच्या आजीला, म्हणजे सूनबाईंच्या आईला. नातीने लिहिलं, ‘आजी, फणस पिकला का? मांजरीला किती पिल्लं झाली? मी येनार आहे.’ मी लगेच लाल पेन काढलं, ‘येनार’भोवती गोल केला आणि नव्या कार्डावर पुन्हा लिही म्हटलं. झालं. चार दिवस कार्डांचं नाव नाही. शेवटी सूनबाईच म्हणाल्या, ‘बाबा, तुमच्याकडे यायची ती पत्रं काय सगळी शुद्ध असायची?’ खरंच होतं. अर्धवट पत्ता, गावाचं नाव भलतंच, तरी डोकं लावून आम्ही पत्र पुढे काढायचो. ऱ्हस्व-दीर्घापायी अडलेलं एकही पत्र मला आठवत नाही. लाल गोलासकट ते कार्ड तसंच पेटीत टाकलं.

कडक राहिलो ते फक्त पत्त्याबाबत. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे पंडित. हे सांगितल्यावर नातीने मालवणचा ४१६६०६ लिहिला आणि विचारलं, कोल्हापूरच्या मावशीचाही ४१६नेच कसा? मग कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि पाकिटं खाली आली. नागपूर ४ने, पणजी ४ने, भोपाळसुद्धा ४नेच. भर दुपारी दोन तास ती जमिनीवर पालथी पडून पत्ते वाचत होती. वाचन म्हणजे गोष्टीचंच पुस्तक हवं, असं मलाही तोवर वाटायचं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. ‘फणस पिकलो. तू कधी येतलंस?’ नात धावत आली, ‘आबा, आजी पिकली?’ ‘पिकलो’ म्हणजे ‘पिकला’, हे सूनबाईंनी समजावलं. त्या संध्याकाळी ते कार्ड मजल्यावरच्या प्रत्येक दारात वाचून झालं आणि दुसरं कार्ड न सांगता लिहायला घेतलं गेलं. मांजरीचं आजी विसरली होती ना! व्हिडिओ कॉलवर विचारून टाक म्हटलं, तर ‘नको, लिहिलंय ना मी’ म्हणाली.

‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातली कोडी आता कार्डांवरून मालवणला जातात. उत्तर पुढच्या कार्डात, अशी तिची अट आहे. आजी वैतागलीय म्हणे.

टपाल खात्याला विनंती, निदान एप्रिल-मेमध्ये प्रत्येक खिडकीवर पोस्टकार्डं असू द्यावीत. आणि आपल्या रविवारच्या अंकात मुलांच्या कार्डांना एक कोपरा द्या, पण ती ‘येनार’सकट छापा. गावी कोणी नाही, लिहायचं कोणाला, असंही एका पालकांनी विचारलं. आमच्या समोरच्या खोलीतल्या मुलाने नातीलाच लिहिलं, ‘उद्या खाली क्रिकेटला ये. बॅट तुझी आण.’ आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेटीत टाकलेलं कार्ड तिसऱ्या दिवशी आमच्या दारात. तोवर त्यांचं भांडण झालं होतं. तरी ती बॅट घेऊन गेली.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
परळ, मुंबई ४०००१२