पेशवे पार्कात एक पाटी हवी आहे

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका

स.न.वि.वि.

आधीच सांगून टाकतो, पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय पुन्हा सुरू करा असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तशी हळहळ अधूनमधून कानावर येते, विशेषतः नातवंडांना घेऊन शेजारच्या सारसबागेत आलेल्या माझ्या वयाच्या मंडळींकडून. पण २००५ साली ते बंद झालं ते योग्यच झालं. माझी मागणी त्याहून पुष्कळ स्वस्तातली आहे. त्या सात एकरांत काय होतं, कधीपासून होतं आणि का गेलं, हे तिथेच वाचायला मिळावं. पाट्यांच्या बाबतीत आपलं शहर कधी मागे राहिलेलं नाही. ही एक तेवढी लावून टाकावी.

पाटीची सुरुवात प्राणिसंग्रहालय सुरू झालं त्या १९५३ पासून करू नका. पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ पूर्ण झाल्यावर नानासाहेब पेशव्यांनी पायथ्याला तळं करवलं. त्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपतीची स्थापना झाली. तोच तळ्यातला गणपती. याच पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. शिकारखाना म्हटलं की बंदुका आठवतात, पण हा जिवंत जनावरांचा होता. तिथे वाघ, सिंह आणि गेंडाही होता. उत्तर पेशवाईत पुण्याला येणारे इंग्रज पाहुणे तो मुद्दाम बघायला जात. सवाई माधवरावांना स्वतःलाच जनावरांचा भारी नाद. म्हणजे आपण ज्या जागेला चाळीस-पन्नास वर्षांची आठवण समजतो, तिथे माणसं पावणेदोनशे वर्षं आधीपासून पिंजऱ्यापुढे उभी राहत आली होती.

महापालिका स्थापन झाली १९५० साली, आणि तीनच वर्षांत तिने हे प्राणिसंग्रहालय उभं केलं. नव्या पालिकेला रस्ते आणि गटारांखेरीज मुलांसाठीही काहीतरी करावंसं वाटलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १९५६ साली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, धावू लागली. मग पुण्यातल्या लहान मुलांचा, आणि मे महिन्यात गावाहून आलेल्या पाहुण्यांचा, कार्यक्रम ठरूनच गेला. सकाळी पर्वती, तिथून गणपती, मग पेशवे पार्क, फुलराणीची फेरी आणि शेवटी भेळ. पाहुणे बदलत, क्रम नाही.

आम्ही दत्तवाडीत राहायचो. रात्री वारा तिकडून असला की सिंहाचा आवाज घरापर्यंत यायचा. नवीन बिऱ्हाडकरू दचकून उठायचा आणि आम्ही त्याला अगदी सहज सांगायचो, ‘काही नाही हो, पार्कातला आहे.’ या गोष्टीचा आम्हाला गर्व होता. सात एकरांत कोंडलेला सिंह रात्री का ओरडत असेल, हा प्रश्न तेव्हा डोक्यात येत नसे.

यायला हवा होता. पिंजरे जुन्या पद्धतीचे होते. समोर गज, खाली फरशी, मागे झोपायची खोली. जनावर चारी बाजूंनी दिसलं पाहिजे, हाच त्या बांधणीचा हिशेब. त्याला लपायला आडोसा लागतो, उकरायला माती लागते, हे त्या काळी जगात फारसं कोणी धरत नसे, त्यामुळे दोष एकट्या पुण्याला देता येत नाही. गजांच्या कडेकडेने तोच तो फेरा घालणारं श्वापद बघून आम्ही म्हणायचो, ‘काय रुबाबात चालतंय!’ कोंडलेल्या जनावराच्या मनावर ताण आला की ते असं करतं. ही माहिती पाटीवर दोन ओळींत मावेल.

पांढऱ्या वाघाला मात्र चार ओळी द्या. सगळी गर्दी त्याच्यापुढेच व्हायची. हा वाघ वेगळ्या जातीचा नसतो. रंग घालवणारं एक अप्रकट जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच बछडा असा होतो. १९५१ साली रीव्याच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. प्राणिसंग्रहालयांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. तो रंग टिकवायचा म्हणून बापलेकींचीही जोडी लावली गेली, आणि तिरळे डोळे व इतर व्यंगं पुढच्या पिढ्यांत उतरली. जंगलातले वाघ वाचवण्याशी या सगळ्या खटाटोपाचा काहीही संबंध नव्हता. आम्ही टाळ्या वाजवत होतो एवढं खरं.

बंद होण्याची गोष्टही पाटीवर असावी, कारण ती पालिकेला शोभणारी आहे. १९९१ मध्ये वन्यजीव कायदा बदलला आणि पुढच्या वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येईना, आणि मान्यतेला जागा, निगा, डॉक्टर या अटी आल्या. भर वस्तीतल्या बागेला वाढायला जागा कुठली? तिकडे कात्रजला १९८६ पासून नीलिमकुमार खैरे यांनी पालिकेच्या साथीने उभारलेलं सर्पोद्यान होतं. (७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढणारे तेच हे खैरे.) त्याच परिसरात सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं. ते १९९९ मध्ये खुलं झालं आणि इथले प्राणी तिकडे गेले. ज्या कात्रजच्या तळ्यातून नानासाहेबांनी शहरात पाणी आणलं, त्याच तळ्याच्या काठाला पर्वतीखालची जनावरं जाऊन राहिली. योगायोगच, पण पुणेकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पार्काचं पुढे ऊर्जा उद्यान झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजच्या मुलाला तिथे फुलराणी भेटते, सिंह भेटत नाही. इथे सिंह होता असं आजोबांनी सांगितलं तर ते त्याला थाप वाटायची शक्यता आहे.

पाटीपुरतं मी बोललो. खरं काम तिच्यामागचं आहे. १९९२ च्या नियमांनुसार प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला जन्म, मृत्यू, आलेले आणि दिलेले प्राणी यांची नोंद ठेवावी लागे आणि ३१ मार्चला असलेल्या प्राण्यांची यादी दरवर्षी प्राधिकरणाकडे पाठवावी लागे. म्हणजे शेवटच्या दहा-बारा वर्षांच्या याद्या तरी कागदावर असणारच. त्याआधीच्या वह्या उद्यान विभागाच्या कपाटांत शोधायला लावाव्यात. त्या स्कॅन करून पालिकेच्या संकेतस्थळावर ठेवल्या, तर कोणता प्राणी कुठून आला, इथे किती वर्षं जगला, कशाने गेला, हे एखादा विद्यार्थी मांडू शकेल. आकडे वाईट निघाले तरी चालतील. प्राणिसंग्रहालय हलवण्याचा निर्णय बरोबर होता, हेच त्यातून ठरेल.

आणि एक घाईचं काम. तिथे पिंजरे साफ करणारे, मांस कापून घालणारे, हत्तीवर मुलं बसवणारे कर्मचारी आता निवृत्त आहेत, त्यातले बरेच सत्तरीपुढचे असतील. वह्यांत न लिहिलेलं सगळं त्यांच्याकडे आहे. कोणी जनावराच्या आजारात रात्र काढली, कोण कोणाच्या हाकेला उठायचं, मुक्कामाला आलेल्या सर्कशीशी काय देवघेव व्हायची. त्यांच्याशी बोलायला एक माणूस आणि एक रेकॉर्डर पुरे. पत्ते शोधत हिंडावं लागणार नाही, त्यांची पेन्शन आपल्याच कार्यालयातून जाते.

कळावे,
पर्वती पायथ्याचा एक जुना रहिवासी