बॅटरीचे आयुष्य फोनच्या खोक्यावर छापा

महोदय,

मोबाइल फोन आणि घरगुती उपकरणे किती सहज दुरुस्त होऊ शकतात, हे ग्राहकाला खरेदीपूर्वीच कळावे, या हेतूने केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. सुटे भाग मिळतात का आणि किती किमतीला, उपकरण उघडायला कोणती हत्यारे लागतात, सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ मिळणार, अशा निकषांवर प्रत्येक मॉडेलला गुण द्यावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. तिचे स्वागत करायला हवे. मात्र फोनचा जो भाग सर्वांत आधी आणि हमखास झिजतो, ती बॅटरी बदलणे किती सोपे आहे एवढेच अशा गुणांवरून कळेल. ती किती काळ टिकेल हे कळणार नाही. हे पत्र त्या राहून जाणाऱ्या आकड्याविषयी आहे.

मुळात 'बॅटरी उतरली' असे आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन चार्जिंगच्या वेळी ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि फोन वापरताना तेथून परत निघतात. या प्रत्येक ये-जा करण्यात आणि नुसते पडून राहण्यातही, काही लिथियम ग्रॅफाइटवर साचणाऱ्या एका पातळ थरात कायमचे अडकते. जे अडकले ते पुन्हा कामाला येत नाही, म्हणून बॅटरीत मावणारा एकूण चार्ज कमी होत जातो. ही झाली क्षमतेची घट. दुसरी गोष्ट म्हणजे याच काळात बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, वाढतो, त्यामुळे फोनने अचानक जास्त प्रवाह मागितला की तिचे व्होल्टेज एकदम खाली बसते. तीस टक्के चार्ज दिसत असताना कॅमेरा उघडून फ्लॅश मारावा आणि फोनने थेट बंद पडावे, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. त्यात फोनला भूतबाधा झालेली नसते आणि बहुतेक वेळा अपडेटनेही काही बिघडवलेले नसते. चार्ज शिल्लक असतो, पण तो हवा तेवढ्या वेगाने देण्याची बॅटरीची ताकद संपलेली असते.

गोंधळात भर पडते ती पडद्यावरच्या टक्केवारीमुळे. वर कोपऱ्यात दिसणारे शंभर टक्के हे बॅटरीच्या आजच्या क्षमतेचे शंभर टक्के असतात, नव्या बॅटरीच्या नव्हे. ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी झिजून ४००० वर आली तरी पूर्ण भरल्यावर तिथे १०० हाच आकडा दिसणार. खरी झीज सांगणारी 'बॅटरी हेल्थ' ही वेगळी टक्केवारी आहे. आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून आणि व्होल्टेज पाहून फोन ती अंदाजाने काढतो, म्हणूनच ती कधी कित्येक महिने १०० वर ठाण मांडून बसते आणि मग काही आठवड्यांत दोन-तीन अंकांनी घसरते. एकेका टक्क्यासाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. कल कोणत्या दिशेला आहे आणि आकडा ऐंशीच्या खाली गेला आहे का, एवढे पाहणे पुरेसे असते.

पण हा आकडा ग्राहकाला आपणहून कोणी दिलेला नाही, तो भांडून मिळवावा लागला आहे. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयफोनसाठी एक अपडेट दिले. जुन्या बॅटरीचे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यात प्रोसेसरचा वेग गरजेनुसार कमी करण्याची सोय होती. मात्र आपला फोन मुद्दाम मंद केला जात आहे, हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगितलेले नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही तंत्रज्ञांनी वेगाच्या चाचण्या तपासून हा प्रकार उघड केला, तेव्हा कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर वर्षभरासाठी ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला आणि मार्च २०१८ मधील अपडेटपासून बॅटरी हेल्थ सेटिंग्जमध्ये दाखवावी लागली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये याच कारणासाठी अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या कंपनीचा उपाय चुकीचा नव्हता. फोन मंद चालणे हे तो भररस्त्यात बंद पडण्यापेक्षा बरेच. चूक होती ती लपवण्यात. केवळ बॅटरी बदलून फोन पूर्ववत झाला असता, तिथे त्या वर्षभरात कित्येकांनी नवा फोन विकत घेतला असेल.

आता युरोपकडे पाहा. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० पूर्ण चार्जिंग-चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, असा नियम आहे. एक चक्र म्हणजे एकदा पिन लावणे नव्हे. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरले, तर दोन दिवसांत मिळून एक चक्र होते. रोज एक चक्र धरले, तर ८०० चक्रे म्हणजे साधारण सव्वादोन वर्षे. इतकेच नव्हे, तर बॅटरीच्या उत्पादनाची तारीख, पहिल्या वापराची तारीख, झालेली चक्रे आणि उरलेली क्षमता ही माहिती वापरणाऱ्याला फोनमध्ये पाहता आली पाहिजे, असेही तो नियम सांगतो. तिथल्या फोनच्या लेबलवर दुरुस्ती-सुलभतेची श्रेणी आणि बॅटरी किती चक्रे टिकेल याचा आकडा, दोन्ही छापलेले असतात. तेव्हा हे आकडे कंपन्यांकडे तयार आहेत. तिथे आणि इथे विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांचे नावही एकच असते, मग पुण्या-नागपुरातल्या ग्राहकाला मात्र खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि चार्जिंगचे वॅट तेवढे का दिसावेत?

या चक्रांचा हिशेब मॉडेलागणिक किती बदलतो, हे ॲपलच्याच आकड्यांवरून दिसते. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांसाठी ५०० चक्रांनंतर ८० टक्के असा दावा होता. आयफोन १५ पासून तो १००० चक्रांचा झाला. म्हणजे रोज एक चक्र करणाऱ्यासाठी एकीकडे दीड वर्षाहून कमी आणि दुसरीकडे पावणेतीन वर्षे. दुकानातल्या काउंटरवर दोन फोन शेजारी ठेवले असता एवढा मोठा फरक कोणत्याच कागदावर दिसत नसेल, तर ग्राहकाने निवड कशाच्या आधारावर करावी? अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये तर खरेदीनंतरही बॅटरी हेल्थ कुठे पाहायला मिळत नाही. जुना फोन विकत घेणाऱ्याला, आणि आपल्याकडे विद्यार्थ्यांपासून शेतमजुरांपर्यंत फार मोठा वर्ग जुने फोनच घेतो, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

तरीही युरोपचा नियम जसाच्या तसा उचलून भागणार नाही, कारण त्यात आपला उन्हाळा नाही. बॅटरीच्या झिजेला सर्वाधिक वेग देणारी गोष्ट म्हणजे उष्णता, आणि त्यातही उष्णता व पूर्ण चार्ज यांची जोडी. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक परिचित तक्ता आहे. त्यानुसार, ४० टक्के चार्ज करून २५ अंश सेल्सिअसला ठेवून दिलेली लिथियम-आयन बॅटरी वर्षाअखेर ९६ टक्के क्षमता राखते, तर पूर्ण भरून ४० अंशांना ठेवलेली ६५ टक्क्यांवर येते. आजच्या बॅटऱ्या काहीशा सुधारल्या असतील, परंतु दिशा तीच. फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे ॲपल स्वतः सांगते. अकोल्यात एप्रिल उजाडला की ३५ अंश सकाळीच ओलांडले जातात, आणि मे २०२४ मध्ये इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता.

या उन्हात सर्वाधिक भरडले जातात ते घरपोच माल देणारी मुले, रिक्षाचालक, फील्डवर फिरणारे विमा आणि वसुली एजंट. दुचाकीच्या हँडलला होल्डरमध्ये अडकवलेला काळा फोन, डोक्यावरचे ऊन, नकाशा दिसावा म्हणून पूर्ण उजळलेला पडदा, सतत चालू जीपीएस, आणि बॅटरी पुरत नाही म्हणून गाडीच्याच बॅटरीला लावलेले चार्जर: झिजेला पोषक असे सगळे घटक तिथे एकाच वेळी हजर असतात. अशा मुलाला 'फोन ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका' असे सांगणे सोपे आहे. पण त्याचा दिवस दहा-बारा तासांचा असतो आणि फोन बंद पडला की ऑर्डर दुसऱ्याला जाते. म्हणून आपल्या लेबलवर चक्रांचा आकडा नेहमीच्या प्रयोगशाळेतील तापमानासाठी आणि ४० अंशांसाठी, असा दोनदा छापला जावा. राजस्थान, तेलंगणा आणि विदर्भ यांनाही फोन विकायचे असतील, तर ही मागणी अवास्तव नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे ओळखीचे लोक फोनच्या तक्रारी घेऊन येतात आणि त्यांच्यासोबत मी अधूनमधून दुरुस्तीच्या दुकानातही जातो. तिथे काउंटरवर फोन तापवायची सपाट प्लेट असते. तिच्यावर फोन ठेवून मागचा गोंद मऊ करायचा, फटीत प्लॅस्टिकचे पातळ कार्ड सरकवून बॅक कव्हर सोडवायचे, मग बॅटरीखालच्या गोंदावर द्रावणाचे थेंब सोडून ती हळूहळू उचलायची. बाहेर आलेली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली असेल, तर कारागीर हातातले लोखंडी हत्यार आधी बाजूला ठेवतो. ती टोचली गेली तर पेट घेऊ शकते, हे त्याला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा चांगले माहीत असते. मग तो विचारतो, 'ओरिजनल टाकू की साधी?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ग्राहकाजवळ काहीच नसते. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्यूरोची आयएस १६०४६ या मानकाखालील नोंदणी बंधनकारक आहे. तो क्रमांक छापलेला आहे का, एवढे मात्र पाहता येते, आणि ते जरूर पाहावे. काही आयफोनमध्ये बाहेरून बॅटरी बदलली की 'अनोळखी भाग' असा संदेश येतो, आणि पूर्वी तर हेल्थचा आकडाही गायब होत असे. सुरक्षिततेचे कारण त्यामागे असेलही, परंतु शेजारच्या दुकानात दुरुस्ती करून घेणाऱ्याला दंड केल्यासारखेच ते वाटते.

सवयींबद्दल थोडे लिहायला हवे, कारण या विषयावर घराघरांत जुने सल्ले अजून फिरतात. नवा फोन आठ तास चार्ज करा, बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय पिन लावू नका, हे नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. लिथियम-आयनला पूर्ण रिकामे होणे उलट त्रासदायक असते. रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी 'जास्त भरत' नाही, आतले सर्किट प्रवाह थांबवते. अपाय होतो तो रात्रभर पूर्ण व्होल्टेजवर, उशीखाली, तापत राहिल्याने. शक्य असेल त्यांनी ८० टक्क्यांची मर्यादा लावावी, चार्जिंग चालू असताना जाड कव्हर काढावे आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत फोन विसरू नये. यापेक्षा जास्त काळजी करणे मला फोनच्या चाकरीत राहण्यासारखे वाटते.

परंतु सवयींवरच सगळी जबाबदारी टाकणे कंपन्यांच्या सोयीचे आहे. बॅटरीची नेहमीची झीज हमीत बसत नाही, असे हमीपत्रांत सर्रास लिहिलेले असते. नेहमीची झीज म्हणजे किती, हे मात्र लिहिलेले नसते. वर्षभरात फोन ७० टक्क्यांवर आला तर तो ग्राहकाचा दोष की मालाचा, याचा निवाडा करायला ग्राहक आयोगापुढेही एखादा आकडा लागतोच. तो खोक्यावर छापलेला असेल तर वाद तिथेच मिटेल. नसेल तर सर्व्हिस सेंटरमधला मुलगा 'नॉर्मल आहे सर' म्हणेल आणि विषय संपेल.

ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, आणि आता सुरुवातीला सांगितलेल्या दुरुस्ती-सुलभतेच्या गुणांचे, म्हणजे निर्देशांकाचे, काम पुढे सरकत आहे. हे निकष नियमांच्या रूपात पक्के होण्याआधीच विभागाने त्यांत तीन गोष्टी घालाव्यात: ८० टक्के क्षमतेपर्यंतच्या चक्रांचा आकडा दोन्ही तापमानांसह खोक्यावर छापणे, बॅटरी हेल्थ आणि झालेली चक्रे प्रत्येक फोनच्या सेटिंग्जमध्ये दाखवणे, आणि अधिकृत बॅटरीची मजुरीसह किंमत विक्रीच्या वेळीच जाहीर करणे. महाराष्ट्रातील ग्राहक संघटनांनीही विभागाकडे याच मुद्द्यांवर लेखी सूचना पाठवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अकोला